चितळ ओरडलं तेव्हा

एप्रिल उजाडला की आमच्या पुण्याजवळच्या चिखलीतल्या पत्र्याच्या शेड सकाळी नऊलाच तापायला लागतात. गल्लीतले वर्कशॉपवाले शटर अर्धं खाली ओढून काम करतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतल्या माणसांचे नुसते पाय दिसतात. शाळेत वार्षिक परीक्षा उरकत आलेली असते. घरी जेवणाच्या टेबलावर सातवीच्या पेपरांचे गठ्ठे असतात, आणि पंख्याखाली उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर डाळीचे डबे ठेवते. तीस वर्षं माझा एप्रिल असाच गेला. त्यात जंगल आलं ते गेल्या वर्षी.

यंदा पुन्हा ते दिवस आलेत. आमचे हे आठवडाभर माझ्यामागे लागलेत, जिप्सीचं बुकिंग कर म्हणून. जागा पटापट जातात, मागून बोंबलून उपयोग नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. नवेगावला जाऊ म्हणतात, नाहीतर परत ताडोबा. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पेपर तपासायचेत असं सांगते. पेपर कधीच तपासून झालेत. गेल्या उन्हाळ्यात दोन जंगलं मिळून माझा यांच्यावरचा नऊ वर्षांचा राग गेला होता, साफ गेला होता. आता त्याच्या जागी काय आलंय ते मला नीट कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमची दोघांची सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. यांच्या कंपनीची गुरुवारी, माझ्या शाळेची रविवारी. इथल्या कितीतरी संसारांची हीच गत आहे. त्यात यांच्या तीन शिफ्ट. मी शाळेतून यायची तेव्हा हे कंपनीची बस पकडायला निघालेले, जिन्यात भेट व्हायची. आमचं बोलणं व्हायचं ते चपला घालताना, डबा भरताना, एक पाय दारात ठेवून. सिलिंडर आला, ऋताला क्लासला सोडायचंय, तुमच्या मावशींचा फोन होता. निवांत बोलू रिटायर झाल्यावर, असं आम्ही दोघंही म्हणायचो. हे तर म्हणायचे, रिटायर झालो की महाराष्ट्रातली सगळी राष्ट्रीय उद्यानं बघायची, एकेक करून. सहा आहेत, त्यांनी मोजून ठेवली होती. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला जंगल का हवंसं वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. ते कुणालाही कळलं असतं.

हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सेटर होते. पत्र्याची चादर आत जायची, वरून शेकडो टनांचा दणका बसायचा आणि गाडीचा दरवाजा नाहीतर बॉनेट होऊन बाहेर यायचं. ज्या साच्यात ते घडायचं ती डाय बसवायची, नीट जुळली का बघायची, हे यांचं काम. एकदा घरच्यांना कंपनी दाखवायचा कार्यक्रम होता, तेव्हा मी आणि ऋता, आमची मुलगी, गेलो होतो. दहा मिनिटांत माझं डोकं उठलं. प्रत्येक दणका छातीत बसत होता. हे मात्र मान तिरकी करून एका मशीनसमोर उभे. म्हणाले, ही डाय उद्यापर्यंत काम देईल, परवा तडकणार. आणि तशी ती तडकली. या कानांचा तिथं फार बोलबाला होता. नवी इंजिनिअर मंडळी स्क्रीनवर आलेख बघत बसायची आणि शेवटी यांनाच बोलवायची, भाऊ, जरा ऐकून जा.

कंपनी इअरप्लग द्यायची, नारिंगी, दोरीला बांधलेले. हे ते गळ्यात अडकवून ठेवत. सेफ्टीचे साहेब दिसले की कानात, साहेब गेले की परत गळ्यात. कान बंद केले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार, असं यांचं शास्त्र. यांचंच नाही, त्या शॉपमधल्या सगळ्या जुन्या माणसांचं. प्लग घालून काम करणारा म्हणजे कच्चा गडी. दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. बंद खोलीत बसवून आवाज सोडायचे, ऐकू आला की बटण दाबायचं. तिथं कमी पडलं की पॅकिंगला बदली. त्यावर या शहाण्यांनी तोड काढली होती. आधी तपासून आलेला बाहेर येऊन सांगायचा, साधारण किती वेळानं आवाज सोडतात, आणि पुढचा मनातल्या मनात आकडे मोजून बटण दाबायचा. सगळे पास. हे मला गेल्या वर्षी कळलं. तोवर माझी अशी समजूत होती की आमच्या ह्यांना जगातलं सगळं ऐकू येतं, फक्त बायकोचं तेवढं येत नाही.

ते मी चारचौघांत म्हणायचेही. भिंतीशी बोललेलं बरं, पालथ्या घड्यावर पाणी, या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडायचं. नवऱ्याबद्दल सगळ्या बायका बोलतात ते सगळं मी बोलले आहे. हे हसायचे. आता आठवलं की त्या हसण्याची मला लाज वाटते, म्हणजे माझी मला.

गेल्या मार्चमध्ये हे रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सात-आठ भाषणं झाली, आणि सगळ्या भाषणांत विनोद असो की नसो, हे सारखेच मंद हसत होते. मला वाटलं, भरून आलंय. ऋता आता हैदराबादला नोकरी करते. तिनं बाबांना भेट म्हणून ताडोबाचं बुकिंग करून दिलं, मेच्या पहिल्या आठवड्यातलं. नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं भाड्याची गाडी. तिकडचं ऊन म्हणजे काय असतं ते इथल्या माणसाला सांगून कळत नाही. सावलीत उभं राहिलं तरी डोळे मिटावेसे वाटतात.

सकाळी उजाडताना मोहर्लीच्या गेटवर जिप्सी रांगेत उभ्या होत्या. आमच्या गाडीत नागपूरचं एक जोडपं होतं, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी गाईड म्हणून छायाताई. चाळिशीची बाई, जवळच्याच गावची, अंगात खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. पहिल्या पाच मिनिटांत यांच्या तिच्याशी गप्पा सुरू झाल्या, म्हणजे हेच एकटे बोलत होते. प्रेस, डाय, आवाजावरून कसं कळतं. मी कोपरानं ढोसत होते, अहो जंगलात आलोय, जरा गप्प बसा. एरवी घुम्यासारखा बसणारा माणूस बाहेर इतका का बोलतो, याचाही मला वैताग यायचा. स्वतः बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकायची वेळ येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

जंगल कोरडं ठणठणीत होतं. मला हिरवंगार काहीतरी अपेक्षित होतं आणि समोर वाळलेल्या पानांचा पसारा. बांबू पिवळे पडलेले, ऐनाच्या खोडांना सुसरीच्या पाठीसारख्या भेगा. मोहाची फुलं सरून गेली होती, तरी एखाद्या वळणावर तो गोड, आंबूस वास यायचा आणि मागं राहायचा. हळूहळू मला ते आवडायला लागलं. एका चढावर छायाताईनं हात वर केला आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

तीस वर्षं चिखलीत राहिल्यावर आवाज नसणं म्हणजे काय ते मी विसरून गेले होते. आमच्याकडे लेथ थांबली तर ग्राइंडर सुरू होतो, तो थांबला तर कंटेनरचा हॉर्न. इथं एक वाळकं पान फांदीवरून सुटलं आणि खालच्या पानांवर पडलं, ते ऐकू आलं. दूर कुठंतरी सुतारपक्षी ठोकत होता. आणि मग उजवीकडून, लांबून, एकच तीक्ष्ण आवाज आला, ओल्या काचेवरून बोट ओढल्यासारखा. छायाताई कुजबुजली की चितळ ओरडतंय, कॉल आहे, वाघ चालतोय. पुन्हा आला. नागपूरच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला. आमच्या सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. यांचीही वळली, पण सगळ्यांच्या नंतर.

मी वर्गात वर्षानुवर्षं पाढे म्हणून घेतलेत. ज्या मुलाला पाढा येत नाही ते गप्प बसत नाही. ते शेजारच्याच्या तोंडाकडे बघत ओठ हलवतं, किंचित मागून. असं मूल मला दारातूनसुद्धा ओळखता येतं, सगळी शाळा मला त्यासाठी वचकून असते. आणि इथं माझ्या मांडीला मांडी लावून अठ्ठावन्न वर्षांचं तसलं मूल बसलं होतं.

छायाताईनं चेष्टेत विचारलं, काका, तुम्ही तर आवाजातले उस्ताद, सांगा बरं कुठून आला? तेवढ्यात तिसरा कॉल झाला. यांनी मान तिरकी केली, प्रेससमोर करायचे अगदी तशी, आणि डावीकडे बोट दाखवलं. अगदी खात्रीनं. नागपूरचे गृहस्थ हसले, त्यांना तो विनोद वाटला. छायाताई हसली नाही. तिनं ड्रायव्हरला खूण करून गाडी उजवीकडे घेतली. पुढं पाणवठ्यावर वाघीण दिसली, अर्धं अंग पाण्यात बुडवून निवांत बसलेली. सगळे श्वास रोखून बघत होते. मी वाघीण पाहिली असं म्हणता येणार नाही. मी यांच्याकडे बघत होते. हे आनंदानं नुसते फुलून गेले होते.

गेटवर परत आल्यावर छायाताईनं मला बाजूला घेतलं.

"काकाले ऐकू येत नाही काय जी, ताई? माया बापाचंबी असंच होतं. पहिले दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहे, मंग हासे."

मी म्हटलं, छे, तसं काही नाही, लक्ष नसतं त्यांचं. ती बरं म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

दुपारी खोलीवर वीज गेली आणि कूलर बंद पडला. हे खिडकीशी उभे राहून बाहेरच्या वानरांकडे बघत होते. मी मागून, अगदी हळू म्हटलं, अहो, चहा सांगू का? काही नाही. जरा वर म्हटलं. काही नाही. मग मी वर्गातल्या आवाजात ओरडले, तेव्हा हे वळले आणि म्हणाले, एवढं खेकसायला काय झालं? मला रडूच फुटलं. यांना वाटलं, ऊन लागलं. पाणी आणायला धावले, कांदा कुठं मिळतोय का बघायला गेले. मी पलंगावर बसून डोळे पुसत राहिले.

माझा आवाज मुळातच मोठा आहे. म्हणून आमच्या घरात हे कधी उघडकीला आलं नाही. मी ओरडून सांगितलेलं सगळं पोचत होतं. दूध आणा, दार लावा, मोटर बंद करा. हळू बोललेलं मात्र सगळं मध्येच कुठंतरी पडून राहिलं. बाई नवऱ्याशी जे मनातलं बोलते ते काही शाळेतल्या आवाजात बोलत नाही.

पुण्याला परतल्यावर चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढून दाखवला. रेघ बरीच सरळ जात होती आणि मग एकदम खाली घसरली होती. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात म्हणाले, पाखरांचे, लहान मुलांचे, बायकांचे. दहा-बारा वर्षांपासून जात असणार. हे मान डोलावत होते. बाहेर येऊन स्कूटर काढताना म्हणाले, कळलं होतं मला. ज्या कानांवर माझं नाव होतं तेच गेले, म्हणून कुणाला सांगत फिरू? मी मागं बसले. रस्ताभर मला ट्रॅफिक दिसलं नाही. दहा-बारा वर्षं एवढेच शब्द डोक्यात घुमत होते.

कारण दहा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. माझे वडील गेल्यावर आई तळेगावात दोन खोल्यांत एकटी राहत होती. एकुलता एक भाऊ नाशिकला. मुलीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे आईच्या पिढीला कमीपणा, ती आपणहून कधी म्हणाली नसती. त्या गुरुवारी हे घरी होते. मी शाळेतून आले, ओट्याशी उभी राहून भांडी घासायला घेतली, आणि घासता घासता, पाठमोरी, विचारलं, आईला आपल्याकडे आणू या का? मागं हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते. नळ वाहत होता. उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज आला. मी भांडी संपवली, हात पुसले आणि बाहेर कपडे काढायला गेले. पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याला आपली आई नको असेल तर पदर पसरायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

भाऊ आईला नाशिकला घेऊन गेला. भावजय वाईट नव्हती. पण आई तिथं रुजली नाही. फोनवर म्हणायची, सगळं बरं आहे इथं, तळेगावला कधी जायचं? मी म्हणायची, जाऊ हं सुट्टीत. सव्वा वर्षात ती गेली. मी पोचले तेव्हा तिला माझी ओळख पटत नव्हती. नर्स समजून तिनं मला पाणी मागितलं.

त्या गुरुवारपासूनच मी यांच्याशी मनापासून वागले नाही. भांडले नाही, तेवढी सभ्यता पाळली. डबा वेळेवर, औषधं वेळेवर. सासूबाई गावाकडे दिरांकडे होत्या, त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी रजा काढून महिनाभर जाऊन राहिले, आणि रोज मनात म्हणत होते, बघा, मी तुमच्या आईचं करते आहे. असं केलेलं लागू पडतं का कुणाला? सासूबाईंना पडलं असेल, मला नाही पडलं.

आणि आता डॉक्टर सांगत होते, दहा-बारा वर्षांपासून. म्हणजे यांनी ते ऐकलंच नव्हतं. माझी पाठ फिरलेली, आवाज खाली, वर नळ. हा बापडा पेपर वाचत बसला होता आणि मी त्याला नऊ वर्षं फासावर लटकवून ठेवलं होतं. घरी आल्यावर मी शिरा केला. यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, रवा जुना व्हायला लागला होता.

जूनच्या सुरुवातीला, पावसाळ्यासाठी जंगल बंद व्हायच्या आत, आम्ही पेंचला गेलो. या वेळी बुकिंग मी केलं. सागाची पानगळ झालेली, त्यात मध्येच कुलूची पांढरीफटक झाडं. सगळ्या जंगलाला पावसाची घाई झाल्यासारखी वाटत होती. कानात घालायचं मशीन यांनी तोवर घेतलं होतं, पण उघड्या जिप्सीत त्यात नुसता वारा घोंघावतो, म्हणून काढून खिशात ठेवलं. मग आम्ही खुणा ठरवल्या. कॉल झाला की मी यांचा गुडघा दाबायचा. डावीकडून आला तर एकदा, उजवीकडून आला तर दोनदा. पहिल्या दिवशी माझीच गडबड व्हायची, डावं-उजवं आठवेपर्यंत वानर ओरडून थकायचं. दुसऱ्या दिवशी जमलं. मी दाबलं की हे सगळ्यांच्या आधी वळायचे. आणि तिसऱ्या दिवशी रानकुत्र्यांची टोळी यांनाच पहिल्यांदा दिसली, वाळक्या गवतात गवताच्याच रंगाची. गाईड म्हणाला, काका, नजर जबरदस्त आहे तुमची. यांनी माझ्याकडे बघितलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी यांना मनापासून उस्ताद मानलं होतं.

मी गुडघ्यावरचा हात काढला नाही. चारचौघांत इतकं जवळ आम्ही लग्नात पाटावर बसलो असू तेवढंच. पन्नाशी उलटलेल्या बाईनं लिहू नये, पण त्या दिवसांत मी यांच्या प्रेमात पडले होते. आई गेल्यापासून छातीत जे काही अडकून होतं ते सुटलं होतं. संध्याकाळी पाण्याच्या काठानं गाडी परतायची, अंगावर धूळ, घसा कोरडा, आणि मला मनात म्हणावंसं वाटायचं, आई, तुझ्या जावयाचं काही चुकलं नव्हतं गं. मी तसं म्हटलंही.

पुढचं सगळं वर्ष मी बरी वागले. संध्याकाळी स्पाईन रोडला फिरायला जायचो, तेव्हा मी यांच्या जरा बऱ्या असलेल्या कानाच्या बाजूनं चालायची. एकच गोष्ट तीनदा सांगायला लागली तरी चिडायची नाही. यांनी ऋताला फोनवर सांगितलं, तुझी आई म्हातारपणी माणसात आली. मीही हसले.

गेल्या गुरुवारी दुपारी मी टेबलाशी पेपर तपासत होते. हे समोर बसून नवेगावची माहिती वाचत होते. बाहेर ऊन रणरणत होतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. राग एकटीनंच धरला, एकटीनंच सोडला, माफी तरी समोर मागावी. मी पेन ठेवलं, पंखा बंद केला, यांच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले आणि सावकाश, तोंड दिसेल असं, सगळं सांगितलं. भांडी घासताना काय विचारलं होतं ते. तुम्हाला ऐकूच गेलं नाही आणि मी नऊ वर्षं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, चुकलं माझं, असं म्हणाले.

हे माझ्या ओठांकडेच बघत राहिले. मला वाटलं, मशीनचा सेल संपला.

"ऐकलं होतं मी," हे म्हणाले. "तेव्हा एवढं गेलं नव्हतं. घरात स्वच्छ ऐकू यायचं."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. विचारल्यावर पटकन सुचलं नाही. घर वन बीएचके, मी शाळेत, हे शिफ्टला, आईंकडे बघणार कोण, हॉलमध्ये पडदा लावून त्यांची कॉट बसेल का, असं सगळं डोक्यात चालू होतं. पान उलटलं ते वाचायला नव्हे. मान वर केली तेव्हा मी तिथं नव्हते. दुसऱ्या दिवसापासून फर्स्ट शिफ्ट. मग आईंना भाऊ घेऊन गेला, तेव्हा त्यांना वाटलं, तुमचं भावंडांचं काही ठरलं असेल, आपण कशाला मध्ये पडा.

"मला वाटलं, तू परत विचारशील. मी वाट बघत होतो."

मी विचारलं, मग आत्ता तरी कशाला सांगितलंत? ऐकू आलं नव्हतं म्हणाला असतात तर मला काय कळणार होतं? त्यावर हे म्हणाले की वर्षभर तू इतकी गोड का वागतेस ते मला कळत नव्हतं, मला वाटायचं बहिऱ्याची कीव करतेस. आता कारण कळल्यावर ते घेववत नाही. एकदा गप्प बसून झालंय. आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी उठून पंखा लावला.

तेव्हापासून आठवडा झाला. मी रागाची वाट बघते आहे. सवयीचा होता तो, कसा धरायचा ते मला येतं. हो म्हणायला माणसाला एवढा वेळ लागतो का, दुसऱ्या दिवशी विचारता येत नव्हतं का, हे सगळं मी यांना सुनवू शकते, आणि त्यात खोटं काही नाही. पण तोंड उघडलं की मला तो ओटा दिसतो. त्या वर्षी ऋताची बारावी होती. शाळेत दोन वर्ग माझ्या गळ्यात होते. आणि आईला मी ओळखून होते. माझ्या आमटीपासून साडीच्या निऱ्यांपर्यंत तिला काही पसंत पडायचं नाही, दोन दिवस राहिली तरी तिसऱ्या दिवशी मी रडायची. तिला आणायला हवं हे मला कळत होतं, आणि ती यायला नको होती. म्हणून मी पाठ फिरवून विचारलं, नळ चालू ठेवून. विचारलं होतं, असं स्वतःला सांगता यावं एवढ्यापुरतं. लग्न झाल्यापासून हे मला कशालाच नाही म्हणाले नव्हते. हे हो म्हणणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी परत विचारलं नाही.